मंद वाऱ्याची धास्ती

उच्चदाब वाहिन्यांच्या देखभालीत माझी सारी नोकरी गेली. नवी पोरं वादळाबद्दल विचारतात, मी त्यांना आधी झुळकीबद्दल सांगतो.

१. वादळाने मनोरे पडतात, हे खरं. पण त्याचा जोर क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून तारेला ठेका सापडत नाही. सेकंदाला १ ते ७ मीटर वेगाचा संथ, एकसारखा वारा आडवा लागला, की तारेच्या पाठीमागे एकदा वरून, एकदा खालून भोवरे सुटतात आणि तार तशीच वर-खाली खेचली जाते.

२. तार सेकंदाला किती वेळा थरथरेल, हा हिशेब तोंडी करता यावा. वाऱ्याचा वेग भागिले तारेचा व्यास, गुणिले ०.२. स्ट्राउहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये याचा पाया घातला. ४०० केव्हीच्या वाहिनीची ‘मूस’ तार ३१.७७ मिलिमीटर जाड. ३ मीटरच्या वाऱ्यात ती सेकंदाला १९ वेळा थरथरते. म्हणजे तासाला अडुसष्ट हजार हेलकावे, आणि खालून बघणाऱ्याला तार स्वस्थ!

३. जास्त धोका कुठे नि कधी? मोकळा माळ, नदीवरचा लांब गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधली तार, आणि हिवाळ्यातली पहाट. थंडीत तार आखडते, झोळ कमी होतो, ताण वाढतो, आणि तारेची थरथर स्वतःच जिरवण्याची ताकद घटते.

४. दुखणं गाळ्याच्या मध्यात शोधू नका. ‘मूस’मध्ये पोलादी गाभ्याच्या ७ तारांभोवती ॲल्युमिनियमच्या ५४ तारा असतात. मनोऱ्यापाशी तार धरणाऱ्या पकडीच्या, म्हणजे सस्पेन्शन क्लॅम्पच्या तोंडाशी त्या वाकतात, एकमेकींवर घासतात आणि कित्येकदा आतल्या थरातून तुटायला लागतात. दुर्बिणीतून सगळं धडधाकट दिसतं. शंका असेल तर रीतसर शटडाऊन घेऊन क्लॅम्प उघडा, तारेभोवती गुंडाळलेले आर्मर रॉड सोडवा. काळी पूड दिसली की समजा, घासणं सुरू झालंय. शटडाऊन मागितला की वरचे साहेब कपाळाला आठ्या घालतात, घालू देत.

५. ‘डॅम्पर आहे’ एवढा शेरा पुरत नाही. डंबेलसारखं दिसणारं हे साधन जॉर्ज स्टॉकब्रिज या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात काढलं. वजनं जोडणारा दोरखंड वाकतो, त्याचे पदर घासतात आणि थरथर तिथे जिरते. पण बोल्ट ढिला झाला की डॅम्पर उतारावरून गाळ्याच्या मध्याकडे घसरतो. तिथे तो जवळजवळ शोभेचाच. क्लॅम्पपासूनचं अंतर नकाशाशी ताडून बघा. वजनं खाली लोंबली असतील, तर दोरखंड थकलाय, बदला.

६. पोलादी चिमण्यांनाही हेच सूत्र. २ मीटर व्यासाची, सेकंदाला एकदा डोलणारी चिमणी १० मीटरच्या, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात अडचणीत येते. वरच्या टोकाकडे गुंडाळलेल्या नागमोडी पट्ट्या लोकांना जिना वाटतात. त्या भोवऱ्यांची एकजूट मोडायला असतात. बदल्यात वादळाचा भार वाढतो, तो पायाला सोसावा लागतो. आणि शेजारी तेवढ्याच जाडीची दुसरी चिमणी येणार असेल, तर पहिलीचाही हिशेब नव्याने मांडून घ्या, कारण दुसरीच्या आडोशात आलेल्या पट्ट्या तितक्याशा कामी येत नाहीत.