आधी सांगणाऱ्याला वाळीत टाकू नका

नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्सवाना व दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या नमुन्यांतील करोना विषाणूची जनुकीय रचना वाचली, तेव्हा त्याचे नवे रूप आढळले. दक्षिण आफ्रिकेने २४ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. २६ तारखेला त्याला ‘ओमिक्रॉन’ नाव मिळाले. जगाला सावध व्हायला वेळ मिळाला. पण कळवणाऱ्यांना काय मिळाले? अनेक देशांनी तिकडची विमानेच बंद केली.

आता साथीचा अंदाज बांधायला कृत्रिम बुद्धिमत्ताही मदत करते. मात्र ती मिळालेल्या माहितीवरच चालते. जिथून नमुने येत नाहीत, तो भाग नकाशावर निरोगी दिसतो. तिथे रोग नसतो असे नाही. तिथे कोणी पाहिलेले नसते.

आपल्या पाड्यांवरही पाहा. खोकणारा माणूस थुंकीचा नमुना द्यायला कचरतो. क्षय निघाला तर लोक दूर करतील, ही भीती असते. आशाताई घरी येतील तेव्हा आपण सोबत जावे, धीर द्यावा, औषध पूर्ण होईपर्यंत विचारपूस करावी.

विचारासाठी प्रश्न: आपल्या मंडळीत आजार उघड सांगणाऱ्याशी आपण कसे वागतो?