वजन कमी करण्याचे ऑपरेशन : जाण्याआधी आणि आल्यानंतर

आमच्या वस्तीतल्या एका वहिनींचे मागच्या वर्षी वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले. "खाऊन खाऊन फुगली, आता चरबी कापून आणली," असे काही जण म्हणाले. काही भगिनी मात्र हळूच येऊन विचारू लागल्या, "सिस्टर, आमचेही होईल का?" दोन्हीकडे माहिती कमीच होती. म्हणून वहिनींची परवानगी घेऊन, नाव न देता, त्यांचा अनुभव इथे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे या ऑपरेशनात चरबी काढत नाहीत. वहिनींचे झाले त्याला 'स्लीव्ह' म्हणतात. पोटाला बारीक छिद्रे पाडून दुर्बिणीने जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरलेले जठर केळ्याच्या आकाराच्या नळीसारखे राहते. त्यामुळे थोड्या अन्नात पोट भरते आणि भूकही कमी लागते. 'बायपास' हा दुसरा प्रकार. त्यात जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात.

हे ऑपरेशन कोणासाठी? त्यासाठी बीएमआय काढतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. वहिनींचे वजन १२८ किलो, उंची १.५५ मीटर, म्हणजे बीएमआय सुमारे ५३. साधारण ३५ च्या पुढे, किंवा त्याहून थोडा कमी पण जोडीला मधुमेहासारखा आजार असेल, तर डॉक्टर ऑपरेशनाचा विचार करतात. पाच-दहा किलो जास्त असणाऱ्यांसाठी हे नाही.

वहिनींना मधुमेह होता, गुडघे धरले होते, झोपेत श्वास अडकायचा. तरी पहिल्याच दिवशी दवाखान्यातून त्या रडत परत आल्या. ओपीडीतला काटा १२० किलोपर्यंतचाच होता. "भंगारवाल्याचा काटा आणा," असे कोणीतरी म्हणाले आणि सगळी रांग हसली. त्यानंतर चार महिने वहिनींनी दवाखान्याचे तोंड पाहिले नाही. तेवढ्या काळात साखर आणखी वाढली. जाड माणसाला हसणे म्हणजे त्याचा उपचार लांबवणे, हे आपण सगळ्यांनी लक्षात घ्यावे. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा आमच्याकडूनही चुका झाल्या. जाड दंडाला लहान पट्टा लावून बीपी मोजले की आकडा खोटा जास्त येतो. मोठा पट्टा शोधण्याचा कंटाळा आम्हीही केला आहे. तुमचा दंड जाड असेल तर "मोठा पट्टा लावा, सिस्टर," असे बिनधास्त सांगा.

दुसऱ्या दवाखान्यात वहिनींना नीट वागवले. रक्त, थायरॉइड, हृदय, पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीने जठराची तपासणी आणि झोपेची तपासणी झाली. आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ दोघेही बोलले. ऑपरेशनाआधी दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला. त्याने यकृत आक्रसते आणि सर्जनला काम सोपे जाते. संमतीपत्र मात्र इंग्रजीत होते. लेकीने ते मराठीत समजावून मागितले, मगच वहिनींनी सही केली. हा आपला हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत माहितीचा, खासगीपणाचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क नोंदलेला आहे.

ऑपरेशन झाले त्याच संध्याकाळी वहिनींना उठवून चालवले. हा छळ नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालवतात, पोटावर इंजेक्शनही त्यासाठीच देतात. पाणी मात्र घोट-घोट.

दुसऱ्या रात्री वहिनींना घाम सुटला, छाती धडधडू लागली. "गॅस आहे, झोपा," असे उत्तर मिळाले. लेकीला आम्ही नाडी मोजायला शिकवले होते. तिने घड्याळ लावून मोजली, तर १२६. तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरला बोलावूनच घेतले. आत टाक्यांच्या रेषेवर रक्तस्राव होत होता. रक्त चढवले, पुन्हा दुर्बीण घातली आणि वहिनी वाचल्या. नाडी सतत १२० च्या आसपास, ताप, धाप, वाढती पोटदुखी यांपैकी काहीही दिसले तर गप्प बसू नका. घरी आल्यावर दिसले तरी थेट दवाखाना गाठा.

घरी पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, तेही थोडे थोडे. ताटात प्रथिने आधी : अंडे, मासे, दही, शिजवलेली डाळ, मटकी. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे.

तिसऱ्या महिन्यात वहिनींना उलट्या होऊ लागल्या. त्यातच जीवनसत्त्वाच्या गोळ्या महाग पडतात म्हणून त्यांनी बंद केल्या. पायाला मुंग्या आल्या, चालताना तोल जाऊ लागला. बी-वन कमी पडले होते. वेळेवर इंजेक्शने मिळाली म्हणून पाय वाचले. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. बी-बारा, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चुकवू नका. ऑपरेशनाचा खर्च धरताना या गोळ्यांचा आणि वर्षानुवर्षांच्या तपासण्यांचा खर्चही धरा.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा :

- ऑपरेशनानंतर साखर लवकर उतरते. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच बदला, नाहीतर साखर फार खाली जाईल.
- पुढचे एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळा.
- तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुतेकींचे पुन्हा येतात.
- तंबाखू, मिश्री आणि दारू बंद. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका.
- खासगी विमा असेल तर बीएमआय ४० किंवा आजारासह ३५ ही अट आणि प्रतीक्षा काळ आधी वाचा. सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते आरोग्यमित्राला विचारा.

आज वहिनींचे वजन ८६ किलो आहे. साखरेच्या तीन गोळ्यांची एक झाली. चाळीचे दोन जिने त्या न थांबता चढतात. तरी त्या म्हणतात, "सिस्टर, ऑपरेशन दोन तासांचे होते, सांभाळणे रोजचे आहे." ज्या भगिनी विचार करत आहेत त्यांनी आधी बीएमआय काढावा, साखर तपासावी आणि घरातल्या एकाला नाडी मोजायला शिकवावे. नाडी मोजणे आम्ही कोणालाही पाच मिनिटांत शिकवू.