‘नुसती वाफच आहे ना!’

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, लहानपणापासून दमा. हल्ली आंब्याच्या वासाचं व्हेप ओढतो. म्हणतो, ‘सिगारेट थोडीच आहे, वाफ आहे.’ आता पंप रोज लागतो. काय करू?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, ती पाण्याची वाफ नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुधा निकोटिन तापवून झालेले ते सूक्ष्म थेंब आहेत. दम्यात श्वासनलिका आधीच आतून सुजलेल्या असतात, जराशा त्रासाने आवळतात. हे थेंब ती सूज वाढवतात, कफ चिकटून बसतो आणि तो वर ढकलणारे बारीक केस मंदावतात. मग रात्रीचा खोकला, छातीतली शिटी. तात्पुरता आराम देणारा पंप रोज लागणं मला काळजीचं वाटतं. सूज कमी करणारा पंप तो नेमाने घेतो का, तेही बघा. याच आठवड्यात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या (मेडिकलच्या) किंवा तुमच्या छातीरोगतज्ज्ञांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्या, आणि व्हेपचं लपवू नका.

२०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्रीच नव्हे, साठाही गुन्हा आहे. पण त्याच्यावर ओरडू नका. निकोटिनची सवय ओरडून सुटत नाही. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं. धापेमुळे वाक्य पुरं होईना किंवा ओठ निळसर दिसले, तर तात्पुरता आराम देणारा पंप देत थेट रुग्णालय गाठा.