हौशी तंत्रज्ञ आणि सामुदायिक कर्मशाळा

१९७५ सालच्या प्रारंभी अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हे छोटे गणकयंत्र सुट्या भागांच्या संचरूपाने सुमारे ४०० डॉलरांस मिळू लागले. त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. समोरील खटके वर-खाली करून आज्ञा द्यावयाच्या व लहान दिव्यांवरून उत्तर वाचावयाचे, अशी त्याची रीत होती.

यंत्र जोडून पुरे झाले, परंतु चालेना, तर दोष शोधावा कोठे? शेकडो जोडांपैकी एखाद्या ठिकाणी डाख नीट वितळलेला नसतो. तो जोड बाहेरून घट्ट दिसतो, पण त्यातून विद्युत्प्रवाह अखंड वाहत नाही. शिवाय या यंत्रातील कालस्पंद सेकंदास २० लाख असतात. साधा व्होल्टमापक त्यांचे केवळ सरासरी मूल्य दाखवितो; स्पंदांचे रूप पाहण्यास ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो त्या काळी एकट्याला सहसा परवडत नसे.

एकत्र काम करण्याचे महत्त्व येथे दिसून येते. सामुदायिक कर्मशाळेत महाग उपकरण सर्वांच्या उपयोगी पडते. त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे तेथे चालू स्थितीतील दुसरे यंत्र असते. अल्टेअरचे निरनिराळे फलक शंभर तारांच्या एका सामायिक मार्गिकेत खोचलेले असत. आधी वीजपुरवठा तपासावा, मग संशयित फलक काढून चालू यंत्रात बसवावा. ते यंत्रही थांबले, तर दोष त्या फलकात. ते चालू राहिले, तर तो अन्यत्र शोधावा. अशा रीतीने शेकडो शक्यता थोडक्या उरतात.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका मोटारखान्यात सुमारे ३० हौशी मंडळी जमली. यातूनच 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' उदयास आला. सभासद तेथे आपली यंत्रे दाखवीत आणि अडचणी मांडीत. स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी स्वतः रचलेल्या गणकयंत्राचे आराखडे तेथे मुक्तहस्ते वाटले. तेच यंत्र १९७६ साली 'ॲपल-१' या नावाने विक्रीस आले.

शाळेत वा ग्रंथालयात अशी कर्मशाळा सुरू करताना दोन गोष्टी अवश्य कराव्यात. प्रत्येक प्रकल्पाचा एक चालू नमुना न मोडता जपून ठेवावा, आणि सापडलेला प्रत्येक दोष वहीत नोंदवावा. एकाची चूक ही पुढच्या दहा जणांची शिदोरी ठरते.