आमची सांदवाडी

आमचे गाव बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. आमच्या भागात धान पिकतो. म्हणून घरी दोन्ही वेळा भात असतो. पण पांढऱ्या भातात लोह फार थोडे असते.

दिवाळीच्या आधी माझ्या आईला चक्कर यायची. पाण्याचा गुंड आणताना ती वाटेतच खाली बसायची. दवाखान्यात तपासले, तर अंगात रक्त कमी निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हिरव्या भाज्या खायला सांगितल्या. रोज बाजारची भाजी आम्हाला परवडत नाही. तेव्हा आजी म्हणाली, "बाबू, सांदवाडी तं रिकामीच पडली आहे ना!"

घरामागच्या जागेला आम्ही सांदवाडी म्हणतो. बाबांनी माती खणली. मी शेणखत टाकले. पालक, मेथी आणि सांबार पेरला. तांदूळ धुतलेले पाणी आम्ही वाफ्यात टाकतो. फुटक्या मडक्यात झेंडू लावून दाराजवळ ठेवला. आता दार छान दिसते.

महिनाभराने पालक खुडायला आला. आई भाजीवर लिंबू पिळते. लिंबात 'क' जीवनसत्त्व असते. त्यामुळे भाजीतले लोह अंगाला लागते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी लागते. म्हणून आई आता चहा उशिरा पिते.

गोळ्या चालूच आहेत. पण आता आई गुंड घेऊन वाटेत न बसता घरी येते.

मित्रांनो, तुम्हीही सांदवाडी लावा. मेथीचे बी माझ्याजवळ आहे. मागा, मी देईन.