चित्राची साक्ष

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. छायाचित्रांच्या बाबतीत ती आज विशेष लागू पडते. छायाचित्र म्हणजे घडलेल्या गोष्टीचा प्रत्यक्ष पुरावा, असा आपला समज असतो. परंतु संगणकाच्या साहाय्याने आता दोन चित्रे बेमालूम जोडता येतात. इतकेच नव्हे, तर कधीही न घडलेल्या प्रसंगाचे चित्रही निर्माण करता येते. म्हणून न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशीच चित्राचीही करावी लागते.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही दाट वस्तीची शहरे आहेत. तथापि, बदलापूरच्या परिसरात अद्याप अरण्य आहे आणि त्यात बिबट्यांचा वावर आहे. जानेवारी २०१९ मध्ये एक बिबट्या उल्हासनगरच्या भरवस्तीत शिरला होता. वनखात्याच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून पकडले. तेव्हा या भागातील बिबट्याचे छायाचित्र कोणी दाखवले, तर ‘हे अशक्य आहे’ असे म्हणून ते टाकून देता येत नाही. आणि शक्य आहे एवढ्यावरून ते खरेही मानता येत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बदलापूरजवळच्या गोरेगाव या खेड्याच्या परिसरात वाटसरूंना एक विलक्षण दृश्य दिसले. बिबट्याच्या एका पिल्लाचे डोके पाण्याच्या प्लास्टिकच्या डब्यात अडकले होते. त्याला खाता येत नव्हते, की पाणी पिता येत नव्हते. वाटसरूंनी त्याचे चित्रण केले; पण पिल्लू अरण्यात नाहीसे झाले. ते दृश्य इतके चमत्कारिक होते, की कोणालाही ती कुणाची तरी करामत वाटावी! परंतु वनखात्याचे कर्मचारी, स्वयंसेवक आणि ग्रामस्थ यांनी रान धुंडाळण्यास आरंभ केला. सुमारे दोन दिवसांनी ते पिल्लू सापडले. त्याला बेशुद्ध करून डबा काढण्यात आला आणि त्याचे प्राण वाचले. ते चित्रण खोटे समजून सर्वजण स्वस्थ बसले असते, तर पिल्लू तहानेने मेले असते. आश्चर्य वाटणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

याच्या उलट उदाहरण चीन देशातील आहे. दक्षिण चीनमधील वाघ रानातून नाहीसा झाला, असे मानले जात असता, ऑक्टोबर २००७ मध्ये एका शेतकऱ्याने काढलेली त्या वाघाची छायाचित्रे शान्शी प्रांताच्या वनविभागाने प्रसिद्ध केली. लोकांना अत्यानंद झाला. परंतु एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे लक्ष वाघाऐवजी त्याच्या डोक्याजवळील पानांकडे गेले. पानांच्या मानाने वाघ फारच लहान दिसत होता! शिवाय निरनिराळ्या छायाचित्रांत वाघाची ठेवण तीच होती. त्याने जणू हालचालच केली नव्हती. पुढे भिंतीवर लावण्याचे एक छापील चित्र सापडले. त्यातील वाघाचे पट्टे या वाघाच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळले. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. म्हणून ही लबाडी उघडकीस आली. जून २००८ मध्ये ती छायाचित्रे बनावट असल्याचे सरकारने जाहीर केले. जे खरे असावे असे आपल्याला मनापासून वाटते, ते अधिक काळजीपूर्वक तपासले पाहिजे.

ही तपासणी कशी करावी? प्रथम छाया पाहाव्यात. सूर्य एकच असतो. म्हणून झाड उजवीकडे छाया टाकत असेल, तर शेजारच्या प्राण्याची छाया डावीकडे कशी पडेल? नंतर आकाराचे प्रमाण पाहावे. पाने, विटा, पायऱ्या यांच्या मानाने प्राणी योग्य आकाराचा आहे काय? तिसरी गोष्ट, प्राणी ओळखावा. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या रेषा असतात. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखे पोकळ ठिपके असतात. बिबट्या म्हणून चित्त्याचे चित्र दाखवले गेले, तर जाणता मनुष्य फसत नाही. शेवटी मिशा, पंजे आणि पाट्यांवरील अक्षरे बारकाईने पाहावीत. यंत्राने रचलेल्या चित्रात तेथे चुका आढळतात.

परंतु यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत. शिवाय चित्रात काहीही फेरफार न करता फसवणूक होऊ शकते. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने २०१८ मध्ये एका मुंगीखाऊच्या छायाचित्राचे पारितोषिक काढून घेतले. चित्रातील प्राणी जिवंत नसून भुसा भरून ठेवलेला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला होता. कधी चित्र खरे असते आणि त्याखालील गाव खोटे असते. म्हणून चित्राच्या बाहेरही चौकशी करावी. चित्र कोणी काढले? कोठे व केव्हा? त्याच वेळची आणखी चित्रे आहेत काय? त्या जागी पावलांचे ठसे आढळले काय?

ही चौकशी होईपर्यंत चित्र इतरांस पाठवू नये. खोट्या चित्रामुळे मुले शाळेत जाण्यास भितात आणि वनरक्षकांना व्यर्थ रात्रभर फिरावे लागते. ‘लांडगा आला रे आला’ असे वारंवार ओरडणाऱ्या मुलाच्या हाकेला अखेरीस कोणी धावले नाही, हे तुम्हांस ठाऊकच आहे. शंका असल्यास वडीलधाऱ्यांकरवी वनखात्याला १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.

चित्र खरे की खोटे, हे कधी कधी लगेच ठरत नाही. अशा वेळी ‘अद्याप सांगता येत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. न तपासता विश्वास ठेवणारा फसतो, हे खरे. पण न तपासता अविश्वास दाखवणाराही फसतोच.

प्रश्न

१. गोरेगावजवळचे चित्रण खोटे मानले असते, तर काय झाले असते?
२. वनस्पतिशास्त्रज्ञाने वाघाऐवजी पानांकडे का पाहिले असावे?
३. चित्रात फेरफार न करताही फसवणूक कशी होते, ते दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.