भाडोत्री हॅकर आणि कायद्याची वेस

मेल ओळखीच्या सहकाऱ्याच्या नावाने आला होता. विषय रोजच्या कामाचा, सोबत एका कागदपत्राची लिंक. ती उघडताच गूगलसारखं दिसणारं पान पासवर्ड मागू लागलं, म्हणून मी वरचा पत्ता वाचला. तो गूगलचा नव्हता. सायबर पोलिसांनी तक्रार घेतली, पण सर्व्हर परदेशात निघाला आणि तपास तिथेच थांबला.

पैसे घेऊन दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये शिरणं हा धंदा आहे. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०२० साली ‘डार्क बेसिन’ या टोळीचा माग काढून तिचा संबंध दिल्लीच्या बेलट्रॉक्स कंपनीशी जोडला. सहा खंडांतले पत्रकार, वकील आणि एक्सॉन तेल कंपनीविरुद्ध मोहीम चालवणारे कार्यकर्ते तिचं लक्ष्य होते. संशोधकांना सुमारे २८ हजार लिंक सापडल्या. त्यांत सावजांचे ई-मेल पत्तेच होते. खुणाही भारताकडेच बोट दाखवत होत्या: काम चाले भारतीय कार्यालयीन वेळेत, लिंक छोटी करणाऱ्या एका सेवेचं नाव ‘होली’, आणि चाचणीसाठी कर्मचाऱ्यांनी चक्क स्वतःचा बायोडेटा वापरलेला!

कंपनीच्या संचालकावर कॅलिफोर्नियात २०१५ सालीच हॅकिंगच्या प्रकरणात आरोप ठेवले गेले होते. त्याने गैरकृत्य नाकारलं. भारतीय हॅकरांना कामं देणारा इस्रायली खासगी गुप्तहेर अवीराम अझारी मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत गेला आणि पकडला गेला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला ८० महिन्यांची कैद सुनावली.

गिऱ्हाईक एका देशात, दलाल दुसऱ्यात, हॅकर तिसऱ्यात. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ परदेशातून भारतातल्या संगणकावर केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतं. पण पुरावा त्या देशाकडूनच मागवावा लागतो, आणि सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत सामील नाही.

म्हणून आपली कडी आपणच लावावी. मेलमधल्या लिंकवरून आलेल्या पानावर पासवर्ड कधीही टाकू नका. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा पासकी किंवा सिक्युरिटी की वापरा; खोट्या पानावर ती चालतच नाही. संशयास्पद मेल पुसू नका, पूर्ण हेडरसह जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही हेल्पलाइन फिरवा.

आणि जोडीदाराचं किंवा भागीदाराचं व्हॉट्सअ‍ॅप ‘काढून देणारा’ कुणी भेटला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली हॅकिंगला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि ते करवून घेणाऱ्यालाही कलम ८४ब प्रमाणे तीच शिक्षा आहे.